ड च्या कळेवर माऊस

आमच्या क्लासमध्ये टायपिंगच्या सरावाचा जो प्रोग्राम होता, त्यात पडद्याच्या खालच्या कडेला दोन निळी बटणं होती. एक ‘पुढे’ आणि एक ‘समाप्त’. दोन्हींच्या मध्ये बोटभर जागा. उतारा टाइप करून झाला की ‘पुढे’वर क्लिक करायचं, मग पत्र येई, मग तक्ता. चुकून ‘समाप्त’वर क्लिक झालं तर खेळ खलास. जेवढं टाइप झालं तेवढ्यावरच गुण. बाकीच्या मुलींना त्या बोटभर जागेचं काही वाटत नसे, त्या बोलता बोलता क्लिक करून मोकळ्या होत. मला तिथवर पोहोचेपर्यंत दरदरून घाम फुटायचा, कारण माझे हात थरथरतात.

टाइप करताना नाही थरथरत. मनगट टेबलाला टेकलेलं असलं, बोटं कळांवर असली, की माझे हात शहाण्यासारखे वागतात. मग मी कुणाहीएवढी भरभर टाइप करते. थोडी बढाई मारायची तर काकणभर जास्तच. पण हात उचलून एखादी बारीक गोष्ट नेमकी करायची म्हटलं, की ते माझे राहत नाहीत. सुईत दोरा ओवणं, कुणाच्या कपाळाला कुंकू लावणं, आणि माऊस. माऊस तर माझा सरळसरळ वैरी. बाण बटणावर नेऊन ठेवावा आणि बोट दाबावं, तेवढ्यात तो शेजारी घसरलेला. कुणी बघतंय असं वाटलं की थरथर दुप्पट होते. डावा हातही तसाच, म्हणजे हात बदलून पाहायचीही सोय नाही. डॉक्टरांना दाखवलं होतं. ते म्हणाले, जिवाला धोका नाही, घराण्यातून येतं हे. गोळी दिली, ती घेतली की कचेरीत डुलक्या यायच्या आणि थरथर होती तेवढीच राहायची.

कचेरी धुळ्यातली. नवरा तिथे कारकून होता. तो अचानक गेला आणि त्याच्या जागी मला अनुकंपेवर घेतलं. लोकांनी सांगितलं, नशीब म्हणा. मीही म्हटलं. पण नेमणुकीला एक अट होती: ठरलेल्या मुदतीत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, नाहीतर नोकरी जाणार. घरात सासूबाई, मुलगी अकरावीत. मी लग्नाआधी बी.ए. झालेली आणि त्यानंतर भाकऱ्या थापलेली बाई. ही नोकरी गेली तर दुसरी कुणी देणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं. त्या मुदतीचा शेवट जवळ येत चालला तसं मी सकाळी उठल्या उठल्या उरलेले दिवस मोजायचे.

मग सांगायचं ना कुणाला, असं वाटेल वाचणाऱ्याला. पण कुणाला सांगणार? नोकरीवर घेताना प्रकृती ठणठणीत असल्याचा दाखला दिलेला. तपासणाऱ्यांनी डोळे पाहिले, छाती पाहिली, वजन घेतलं. हात पुढे करा असं कुणी म्हटलं नाही आणि मीही आपणहून केले नाहीत. आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलं, हा पहिला प्रश्न. आणि टंकलेखकाचे हातच धड नाहीत म्हटल्यावर दुसरा प्रश्न विचारायची कुणाला गरजच पडणार नाही. असं मी रोज स्वतःशी घोळवत होते.

शिवाय लपवणं आमच्या रक्तातच होतं. आम्ही एरंडोलकडचे. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, त्यांचे हातही असेच थरथरायचे. घरातल्या कार्यात नवरदेवाला टिळा लावायची वेळ आली की आबा मांडवाच्या दुसऱ्या टोकाला आचाऱ्याशी हुज्जत घालत उभे. माझ्या साखरपुड्यात तर खांदा आखडलाय असं सांगून त्यांनी काकांना पुढे केलं. व्याह्यांकडचे लोक वर्षानुवर्षं म्हणत राहिले की मुलीचा बाप मोठा ताठ होता, जावयाला टिळा लावायला उठला नाही. आबांनी ते ऐकून घेतलं. ताठ म्हटलेलं त्यांना चालत होतं. थरथरणारा म्हटलेलं चाललं नसतं.

माझा थोरला भाऊ जळगावला असतो. नव्या स्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे बॅनर. कॉम्प्युटरमधलं त्याला सगळं कळतं, असं तो स्वतः म्हणतो आणि निम्म्याच्या वर वेळा ते खरं असतं. क्लासमध्ये लागोपाठ ‘समाप्त’ होऊ लागलं आणि क्लासच्या बाईंनी मुलींच्या देखत माझी धांदरट म्हणून खरडपट्टी काढली, त्या रविवारी मी सकाळची एसटी पकडून पारोळा, एरंडोल करत त्याच्याकडे गेले आणि दुकानात बसून रडले. बहीण रडायला लागली की त्याला काय करावं ते सुचत नाही. तो इकडचे कागद तिकडे करत राहिला आणि मग म्हणाला, “माऊसले सुट्टीच दी टाकू.”

त्याच्याकडे पेन ड्राइव्हमध्ये एक छोटासा प्रोग्राम होता. तो लावला की कीबोर्डवरच्या दोन कळा माऊसच्या बटणांचं काम करतात. P च्या उजवीकडे चौकोनी कंसाच्या दोन कळा असतात ना, त्यातली पहिली दाबली की साधा क्लिक, दुसरी दाबली की उजवा क्लिक. माऊसने बाण फक्त नेऊन सोडायचा, मग हात काढून घ्यायचा, कीबोर्डवर टेकवायचा आणि करंगळीने कंस दाबायचा. बाण हललाच कसा तर? हात माऊसवर नाहीच. मी करून पाहिलं. एकदा, परत एकदा. बाण जिथे ठेवला तिथे गुमान बसून राहायचा आणि क्लिक बरोबर तिथेच. माझ्या छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं. भावाने पत्रिकेतलं एक वाक्य मराठीत टाइप करूनही दाखवलं, तेही नीट आलं. पेन ड्राइव्हमध्ये हे सगळं त्याच्याजवळ तयार कसं होतं, हा विचार तेव्हा माझ्या मनाला शिवलाही नाही. मी पेन ड्राइव्ह पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकला आणि परतीच्या गाडीत पर्स मांडीवर धरून बसले.

सोमवारी कचेरीत कुणी यायच्या आत मी तो प्रोग्राम माझ्या कॉम्प्युटरवर चढवला. परवानगी कुणाला विचारली नाही. विचारली असती तर कशाला हवा हेही सांगावं लागलं असतं. बाराच्या सुमारास आमच्या हेडक्लार्क अक्का माझ्या टेबलाशी आल्या. अक्का वयाने मोठ्या, मनाने चांगल्या, पण काम तिथल्या तिथे हवं असायचं त्यांना. आदल्या आठवड्यातल्या वादळाने रस्त्यावर झाडं आडवी झाली होती, त्याबद्दल एक पत्र लगेच साहेबांच्या सहीला न्यायचं होतं. त्या माझ्या खुर्चीमागे उभ्या राहून मजकूर सांगू लागल्या आणि मी टाइप करू लागले. विषय: रस्त्यावर पडलेली झाडे तोडून बाजूला काढणेबाबत.

मी नेहमी पडद्याकडे न बघता टाइप करते, क्लासमध्ये तसंच शिकवतात. नजर अक्कांच्या हातातल्या कागदाकडे. दोन-तीन ओळी झाल्या आणि अक्का सांगायच्या थांबल्या. मी वर पाहिलं तर पत्राचं पार भजं झालेलं. विषयातला अर्धा भाग वर कचेरीच्या पत्त्यात जाऊन बसला होता, ‘लेली’ एकीकडे, ‘झा’ दुसरीकडे, तारखेच्या मधोमध ‘ून बाजूला का’. मी घाईघाईने पुसलं आणि परत सुरू केलं. परत तेच. ‘पडलेली’ शब्दाच्या मधेच कर्सर उडी मारून भलतीकडे जायचा आणि पुढची अक्षरं तिथे उमटायची. अक्का मागे उभ्याच. माझे हात कीबोर्डवर टेकलेले असूनही थरथरू लागले, जे आजवर कधी झालं नव्हतं. अक्कांनी खांद्यावर हात ठेवला, बरं नाही का विचारलं, आणि पत्र शेजारच्या टेबलावर करून घेतलं. त्यांचा आवाज मायेचा होता, म्हणून तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बिघडलंय ते माझ्यात की कॉम्प्युटरमध्ये, हेही मला सांगता येईना.

जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन गेल्यावर मी एकटी बसून एकेक अक्षर मारून पाहिलं. क, ख, ग, सगळे सरळ. ड वर आले आणि कर्सर उडाला. ढ लाही उडाला. आणि मग डोक्यात प्रकाश पडला. आम्ही कचेरीत जी मराठीची मांडणी वापरतो, क्लासमध्ये शिकवतात आणि परीक्षेलाही असते, तिच्यात ड कुठे आहे? P च्या शेजारी, त्याच चौकोनी कंसावर. शिफ्ट धरला की तिथेच ढ. म्हणजे ड मारला की प्रोग्रामला वाटायचं मी माऊसचं बटण दाबलं. तो ड गिळून टाकायचा आणि बाण जिथे पडला असेल तिथे क्लिक करायचा. पडलेली, झाडे, तोडून, काढणे. आमच्या साहेबांच्या पत्राने एकाही ओळीत मला सोडलं नव्हतं.

इंग्रजीत त्या कंसाच्या कळा दिवसभर रिकाम्या बसलेल्या असतात. कुणाला लागतात त्या? ज्याने हा प्रोग्राम लिहिला तो जगाच्या कुठल्या कोपऱ्यात बसला असेल कोण जाणे, त्याला वाटलं असेल, रिकामी कळ आहे, घेऊ वापरून. मराठीत एकही कळ रिकामी नाही. आमच्या भरल्या घरासारखा तो कीबोर्ड, प्रत्येक खोलीत कुणी ना कुणी, काही ठिकाणी तर खाली एक आणि वर एक. आणि भावाच्या हे लक्षात कसं आलं नाही, तर तो मराठी टाइप करतो ते इंग्रजी अक्षरांतून. ‘झाड’ हवं असेल तर इंग्रजीत लिहून मोकळा होतो, कॉम्प्युटर त्याचं मराठी करून देतो. जळगावातल्या निम्म्या पत्रिका अशाच छापल्या जातात. त्याला ड ची कळ कुठे आहे हे ठाऊकच नव्हतं, कारण तिच्याशी त्याचं कधी काम पडलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी परत जळगावला. या वेळी रडले नाही, भांडले. तुझ्यापायी कचेरीत माझी शोभा झाली म्हटलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, दुसरी कळ देऊ. मग आम्ही दोघं कीबोर्डवर रिकामी जागा शोधत बसलो. कंसाच्या शेजारची घ्यावी तर तिथे ‘डॉक्टर’मधला चंद्र. त्याच्या खालच्यांवर च आणि ट. वरच्या ओळीतल्या F च्या कळा रिकाम्या होत्या, पण तिथवर जायला मनगट उचलावं लागे, आणि उचललेला हात म्हणजे पुन्हा तीच थरथर. F4 म्हणता म्हणता बोट F5 वर. भाऊ वैतागला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक पत्रिकेचे नमुने बघायला आलं आणि तो उठून काउंटरवर गेला. मी त्याच्या खुर्चीत सरकले. पेन ड्राइव्ह तर माझ्या पर्समध्ये होता. सहज, कंस कुठे आहे ते बघावं म्हणून, मी त्याच्या कीबोर्डवर ती कळ दाबली. पडद्यावर क्लिक झाला.

मी परत दाबली. परत क्लिक. माझा पेन ड्राइव्ह लावलेलाच नव्हता. मग मी कीबोर्डकडे नीट पाहिलं. बाकी सगळ्या कळांवरची अक्षरं जागच्या जागी होती. कंसाच्या त्या एका कळेवरचं चिन्ह पार झिजून गेलं होतं आणि प्लास्टिक गुळगुळीत होऊन चकाकत होतं. एका दिवसात कळ अशी होत नाही.

मी काउंटरकडे पाहिलं. भाऊ गिऱ्हाइकाला नमुने दाखवत होता. म्हणजे दाखवत नव्हता. सगळे नमुने काउंटरवर पसरून ठेवले होते आणि गिऱ्हाइकच एकेक उचलून पाहत होतं. भावाचे दोन्ही तळवे काउंटरच्या काचेवर दाबून ठेवलेले. तो नेहमी असाच उभा राहतो. मला वाटायचं, दुकानदारी करून करून ती त्याची ऐट झालीय. गिऱ्हाईक जाईपर्यंत मी त्या तळव्यांकडेच बघत राहिले. माझी भीती तेवढ्यापुरती मी विसरले आणि मला त्याच्यासाठी भीती वाटायला लागली.

तो परत आला तेव्हा मी फक्त ती कळ दाबून दाखवली आणि विचारलं, कधीपासून. त्याने आधी शटरकडे पाहिलं, कुणी आहे का ते.

“आबा व्हतात तव्हयपाईन,” तो म्हणाला.

म्हणजे आबा जिवंत असल्यापासून. एका घरात वाढलेली आम्ही दोघं, राखी बांधायला मी दर वर्षी जाते, आणि मला पत्ता नाही. त्यालाही माझं ठाऊक झालं ते मी रडत गेले तेव्हा. तेव्हाही तो म्हणाला नाही की मलाही आहे. मला त्याचा रागही आला आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. यातलं मी काहीच केलं नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं. बारीक काम करणाऱ्याचे हात थरथरतात हे बाजारात एकदा कळलं की माणसं समोरच्या दुकानात जातात. तोंडावर कुणी काही बोलत नाही, नुसती येईनाशी होतात. वहिनीलाही त्याने थकवा म्हणून सांगितलं होतं. माझ्या परीक्षेसाठीही त्याचा तोच उपाय होता: पेन ड्राइव्ह रुमालात घेऊन जा, चढव, ‘पुढे’ दाबण्यापुरता चालू कर, मग बंद कर. “कोनले सांगू नको, माय,” तो म्हणाला. मी लहान असताना तो मला माय म्हणायचा; त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी म्हणाला.

त्या सबंध आठवड्यात मी दोन्हीकडून कात्रीत सापडले होते. चोरून न्यावं तर पकडले गेले की कॉपी म्हणून कायमची बाद. न न्यावं तर ‘समाप्त’. कचेरीत फावल्या वेळात मी कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये शिरून काहीबाही उघडून बघायचे, कुणी आलं की बंद करायचे. तसं करता करताच एके दुपारी मला ते सापडलं. कॉम्प्युटरच्या आत मुळातच एक सोय असते, बाहेरून काही आणावं लागत नाही. ती चालू केली की कीबोर्डच्या उजव्या टोकाला जे आकड्यांचं चौकोनी खातं असतं, ते माऊस होतं. आठ दाबला की बाण वर, दोन दाबला की खाली, चार-सहा दाबले की डावी-उजवीकडे, आणि मधला पाच म्हणजे क्लिक. मनगट टेबलावर टेकवून करता येतं. मराठीचं एकही अक्षर त्या आकड्यांवर राहत नाही. भावाला हे कसं सुचलं नाही, तर दुकानात जागा वाचावी म्हणून त्याने आखूड कीबोर्ड घेतलेला, त्याला आकड्यांचं खातंच नाही.

बाण मात्र गोगलगायीसारखा चालायचा. चालू दे. मी रोज थोडा थोडा सराव केला. ड मारला की ड उमटत होता. पाच मारला की क्लिक होत होता. एवढ्याने मला आनंद व्हायला हवा होता, पण नवीनच काळजी लागली. परीक्षेच्या केंद्रावरचे कॉम्प्युटर बंदोबस्तातले असतात, तिथली सेटिंग उमेदवाराला बदलता येत नाहीत, असं क्लासच्या बाईंनी सांगितलं. बदलायची तर पर्यवेक्षकच बदलू शकतात. म्हणजे ती मागायला हवी. आणि मागायची म्हणजे का हवी ते सांगायला हवं, तेही हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत. नाही म्हणाले तर नोकरी गेली आणि वर ही गोष्ट धुळे-जळगावभर झाली. भावाला फोनवर सांगितलं तर तो एवढंच म्हणाला की वेडेपणा करू नको.

परीक्षेचं केंद्र जळगावातच आलं. भावाने सकाळी स्टँडवरून मला गाडीवर घेतलं. केंद्राच्या फाटकाशी त्याने खिशातून रुमालाची घडी काढून माझ्या हातात दिली. आत तसाच दुसरा पेन ड्राइव्ह होता. मी तो घेतला, कारण रस्त्यात नको म्हणत उभं राहायचं नव्हतं. तो आत आला नाही, दुकान उघडायचंय म्हणाला आणि गेला. मी फाटकात थोडा वेळ उभी राहिले. मग आत जाऊन, बाहेर ठेवायच्या पिशवीत, पाण्याच्या बाटलीच्या खाली तो रुमाल खोल घालून ठेवला.

हॉलमध्ये बहुतेक सगळी पोरंच, माझ्या मुलीपेक्षा चार-दोन वर्षांनी मोठी. पर्यवेक्षक पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेला, ओळखपत्रं बघत येत होते. माझ्या जागेपाशी आले तेव्हा बोलायचं असं ठरवलं होतं. ते आले, ओळखपत्र पाहिलं, आणि पुढे गेले, कारण माझ्या तोंडातून शब्दच फुटला नाही. ते शेवटच्या रांगेपर्यंत गेले. पडद्याखाली ती दोन निळी बटणं दिसत होती, क्लासमधल्यासारखीच, मध्ये तेवढीच बोटभर जागा. मी माऊसवर हात ठेवून पाहिला. बाण पडद्यावर माशीसारखा भिरभिरला. शेजारच्या मुलीने माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पटकन मान वळवली.

तिच्या त्या मान वळवण्याने काय झालं कोण जाणे, मी उठून उभी राहिले. आवाज नको तेवढा मोठा निघाला.

“सर, माझे हात थरथरतात. माऊस धरता येत नाही. आकड्यांच्या कळांनी माऊस चालवायची सोय कॉम्प्युटरमध्येच असते, तेवढी चालू करून द्याल का?”

हॉलमधली कुजबुज थांबली. सगळ्या माना वळल्या. सर चष्मा खाली घेऊन माझ्याकडे आले आणि आजार आहे का, कागद आहे का, असं विचारलं. मी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. ती माझ्या हातात इतकी फडफडत होती की त्यांना वाचता येईना. त्यांनी ती माझ्या हातातून हळूच काढून टेबलावर ठेवली आणि तिथे वाकून वाचली. मग ते बाहेर जाऊन कुणाला तरी फोन करून आले. तेवढ्या वेळात मी नोकरी गेल्याचं, सासूबाईंना सांगितल्याचं, मुलीचं शिक्षण सुटल्याचं सगळं बघून घेतलं. ते परत आले, ही सोय कुठे असते ते मला विचारलं, मी सांगत गेले तसं त्यांनी एकेक उघडलं आणि ती चालू केली. मला आठ दाबायला सांगितलं. बाण वर गेला. ते सरळ झाले.

“बसा,” ते म्हणाले, आणि पुढच्या रांगेकडे गेले.

मी बसले. हात अजून कापत होते, पण मनगटं टेकवली आणि हळूहळू ते माझे झाले. उताऱ्यात ड पुष्कळ होते आणि सगळे जागच्या जागी उमटले. उतारा झाल्यावर मी सहाचा आकडा दाबून धरला आणि बाणाला ‘पुढे’कडे पाठवलं. तो रखडत रखडत निघाला, वेळ चालला होता आणि त्याला घाई नव्हती. ‘पुढे’च्या मधोमध तो आल्यावर मी थांबले, आणि पाच दाबला. पत्र उघडलं.

निकाल नंतर लागला. पास झाले, नोकरी राहिली. अक्कांना मी आता सांगून टाकलंय. त्यांनी माझ्या टेबलावरचा कीबोर्ड आकड्यांचा राहील एवढं पाहिलं आणि त्या विषयावर परत काही बोलल्या नाहीत. पण त्या परीक्षेचं मला सगळ्यात जास्त आठवतं ते तिथून बाहेर पडल्यावरचं. फाटकाबाहेर एका निंबाखाली उभं राहून मी भावाला फोन लावला. उतारा कसा गेला, वेळ पुरला का, तक्ता जमला का, यातलं काही त्याने विचारलं नाही.

“सांगं का तू त्यासले?” त्याने विचारलं.

सांगितलं म्हटलं.

“बठ्ठासना समोर?”

सगळ्यांच्या समोर, म्हटलं. पलीकडे त्याचं छपाईचं मशीन चालू होतं, त्याचा आवाज येत राहिला. मग मशीन बंद केल्याचं ऐकू आलं.

“मंग, काय म्हनात सर?”

“बसा म्हनात.”

“इतलंच?”

“इतलंच, भाऊ.”

पलीकडून नुसती कागदांची सळसळ ऐकू आली. दुकानात गिऱ्हाईक आलं असावं असं वाटून मी ठेवणार होते, तर त्याने परत विचारलं, आधीपेक्षा हळू आवाजात, की हात त्यांना दिसले होते का, की मी नुसतंच तोंडाने सांगितलं. दिसले होते, मी म्हटलं. चिठ्ठी धरता येत नव्हती मला, त्यांनी ती हातातून काढून घेतली.

“आनि तरी बसा म्हनात,” भाऊ म्हणाला.